डॉ. कमला सोहोनी : नीरेचा गोडवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञ



आपल्या वार्तापत्रातून आम्ही वेळोवेळी थोर व्यक्तींचा परिचय करून देत असतो. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. या वेळी एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र आपल्यासमोर ठेवत आहोत. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. कऱ्हाड येथे १९७५ साली भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंचे नाव प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांच्या या बहिणीने केलेले कामही तितकेच मोलाचे आहे आणि ते आपल्या रोजच्या ताटाशी जोडलेले आहे.

आंबणे म्हणजे काय?

कमलाबाईंचे काम समजण्यासाठी आधी आपल्या स्वयंपाकघरात जावे लागेल. रात्री वाटून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगलेले असते. उन्हाळ्यात ते भांड्याबाहेर येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र आपल्या बेळगावच्या थंडीत तेच पीठ फुगायला तयार नसते, म्हणून आई ते भांडे जाड कापडात गुंडाळून चुलीजवळ किंवा गॅसशेजारी ठेवते. पिठात असे काय असते की त्याला थंडी-ऊन कळावे?

त्याचे उत्तर असे की पिठात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. ते पिठातील साखर खातात आणि त्यातून वायू व आम्ल तयार होते. वायूमुळे पीठ फुगते, आम्लामुळे आंबट होते. या क्रियेला शास्त्रात किण्वन म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे किण्वन हा शब्द आम्ही पाठ केला होता, पण आंबणे हा साधा मराठी शब्द ऐकला की अर्थ आपोआप कळतो.

हे सूक्ष्म जीवांचे काम आहे हे प्रयोगाने सिद्ध करण्याचे मोठे श्रेय फ्रान्सचे लुई पाश्चर (१८२२-१८९५) यांना जाते. त्यांच्या काळात अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञ आंबण्याला केवळ रासायनिक क्रिया मानत. पाश्चर यांनी १८५७ पासून केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की आंबणे ही जिवंत पेशींची क्रिया आहे आणि ती हवेवाचूनही चालते. यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवाला हवा मिळाली तर तो साखर पूर्णपणे जाळतो व भरपूर ऊर्जा मिळवतो. हवा मिळाली नाही तर तो साखर अर्धवटच मोडतो, थोड्याशा ऊर्जेवर भागवतो आणि मागे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड सोडतो. हिशेब सांगायचा तर १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबले की सुमारे ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गोड रसाचे मद्य होते ते असे.

इंदूर ते बंगळूर

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीचा. वडील नारायणराव भागवत व काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झाले होते. आज ती भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. साहजिकच कमलाबाईंनी लहानपणापासून तेच स्वप्न पाहिले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. वडील व काकांनी विनंती केली, तरी उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. प्रवेश न देण्याचे योग्य कारण मिळेपर्यंत हटायचे नाही, सत्याग्रह करायचा, अशा निश्चयाने त्या संचालकांसमोर उभ्या राहिल्या.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल आणि काम समाधानकारक वाटले तरच त्याला मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि मुलगी म्हणून प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही. या अटी मुलग्यांना नव्हत्या. कमलाबाईंना हा अपमान आयुष्यभर बोचला, पण त्यांनी अटी स्वीकारल्या व कामाला लागल्या.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे आणि विद्यार्थ्यांवर मनापासून मेहनत घेणारे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळीतून, त्या देशाच्या दृष्टीने हे काम किती महत्त्वाचे होते हे वेगळे सांगायला नको. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. वर्षभर त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांचे मत बदलले होते आणि संस्थेची दारे मुलींना उघडली गेली. रामन यांच्यासारख्या महान शास्त्रज्ञानेही मुलींबद्दलचे मत आधी न तपासता बनवले होते, आणि पुराव्यापुढे ते बदलले, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

बटाट्यातील शोध

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. कमलाबाईंनी प्रथम डॉ. डेरेक रिक्टर व नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल यांचा विषय वनस्पतींच्या पेशी हा होता.

याच केंब्रिजमध्ये १९२५ साली डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाने यीस्ट व इतर जीवांत एक रंगीत द्रव्य पाहिले होते आणि त्याला सायटोक्रोम हे नाव दिले होते. पेशी हवेतील ऑक्सिजन वापरून अन्न जाळते त्या साखळीतील सायटोक्रोम हा एक दुवा आहे. हातोहात घागर पुढे देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. त्या रांगेतील एक माणूस म्हणजे सायटोक्रोम.

कमलाबाई बटाट्यावर काम करीत होत्या. त्यांना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले आणि ते वनस्पतींच्या सर्वच पेशींत असते हे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ असा की यीस्ट, प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशींचा श्वास एकाच पद्धतीने चालतो. अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीसएक पानांच्या प्रबंधावर, त्यांना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्यांना परदेशात राहता आले असते, पण त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिती श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

नीरा की ताडी?

आता आपण कमलाबाईंच्या सर्वांत प्रसिद्ध कामाकडे येऊ. माड, ताड किंवा शिंदीच्या झाडाला वर छेद देऊन खाली मडके बांधले की त्यात थेंब थेंब गोड रस जमा होतो. हाच रस ताजा असतो तेव्हा त्याला नीरा म्हणतात आणि आंबला की ताडी, माडी किंवा शिंदी म्हणतात. झाड तेच, रस तोच. फरक पडतो तो फक्त काही तासांत.

या रसात दर शंभर भागांत साधारण दहा ते पंधरा भाग साखर असते आणि आपले हवामान उबदार असते. हवेतून, झाडाच्या सालीवरून आणि न धुतलेल्या मडक्यातून यीस्ट व जिवाणू रसात येतात. सूर्य वर आला की त्यांचे काम वेगाने सुरू होते. म्हणूनच संध्याकाळी मडके बांधून पहाटे उतरवतात. मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुन्याच्या पाण्यात या सूक्ष्म जीवांना वाढणे कठीण जाते. रस लगेच गाळून थंड ठेवतात. इतके करूनही नीरा फार काळ टिकत नाही.

मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे तो कायदा आपल्याकडेही लागू होता. त्या काळात रस आंबला आहे की नाही हा प्रश्न फक्त चवीचा राहिला नाही. झाडावर चढून रस काढणाऱ्या हजारो कुटुंबांची भाकरी त्यावर अवलंबून होती. ताडी विकली तर गुन्हा, पण नीरा किंवा ताडगूळ विकला तर कष्टाचा व मानाचा धंदा. गांधीजींनीही ताडगुळाचा आग्रहाने पुरस्कार केला होता.

अशा वेळी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी नीरेचा शास्त्रीय अभ्यास व्हावा असे सुचवले आणि कमलाबाईंनी ते काम हाती घेतले. नीरा पौष्टिक आहे असे अनेक लोक मानत होते, पण मानणे वेगळे आणि मोजणे वेगळे. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतील घटक वर्षानुवर्षे तपासले. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह आहे, आणि रस आटवून गूळ किंवा काकवी केली तरी यातील बराच भाग टिकतो, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसली. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. ज्या रसाकडे समाज नशेची वस्तू म्हणून पाहत होता, त्याच रसाकडे त्यांनी गरिबाच्या मुलाचे अन्न म्हणून पाहिले.

बुडबुडे आणि मोजमाप

रस आंबतो आहे की नाही हे ओळखावे कसे? आपले विद्यार्थी लगेच सांगतील की फेस आला, बुडबुडे आले की रस आंबला. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

ज्या इंग्लंडमध्ये कमलाबाई शिकल्या, तेथे सफरचंदाचा रस आंबवून सायडर नावाचे पेय करण्याची जुनी घरगुती पद्धत आहे. अनेक लोक रसाच्या बरणीच्या तोंडाशी पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. वायू बाहेर जाताना तिच्यात बुडबुडे दिसतात. बुडबुडे थांबले की लोकांना वाटते काम संपले. पण थंडी पडली तर यीस्ट सुस्त होते आणि साखर शिल्लक असतानाच बुडबुडे थांबतात. झाकण सैल असेल तर वायू दुसरीकडून निघून जातो व आत रस जोरात आंबत असूनही नळी शांत दिसते. उलट, आंबणे पूर्ण झाल्यावरही दिवस गरम झाला की रसात विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि बुडबुडे दिसतात. अशा अंदाजावर विसंबून रस घट्ट बुचाच्या बाटलीत भरला आणि आत साखर शिल्लक असली, तर वायूच्या दाबाने बाटली फुटते व इजा होते.

खरे उत्तर मोजण्यात आहे. साखरेमुळे रस पाण्यापेक्षा जड असतो. पाण्याची घनता १.००० धरली तर सफरचंदाच्या ताज्या रसाची साधारण १.०४५ ते १.०५० भरते. साखर संपत जाते तसा रस हलका होतो आणि शेवटी आकडा १.००० किंवा त्याहूनही थोडा खाली येतो, कारण मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. काचेचे तरंगते घनतामापक रसात सोडले की हा आकडा वाचता येतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला आणि तो अपेक्षेइतका खालीही आलेला असला, तरच आंबणे पूर्ण झाले असे म्हणता येते. दुधात पाणी घातले आहे का हे पाहण्यासाठी डेअरीत जे लॅक्टोमीटर वापरतात ते याच घनतामापकाचे भावंड आहे. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी कमलाबाईंनी मार्गदर्शन केले होते.

विद्यार्थ्यांनी अर्थातच मद्य करून पाहायचे नाही. त्यासाठी इडलीचे पीठ पुरेसे आहे. काचेच्या दोन सारख्या बरण्या अर्ध्या पिठाने भराव्यात, झाकण सैल ठेवावे आणि पिठाच्या पातळीवर बाहेरून रबर बँड लावावा. एक बरणी उबेला ठेवावी, दुसरी थंड जागी. दर दोन तासांनी पीठ किती चढले ते पट्टीने मोजून वहीत लिहावे. सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस कागद लावून पाहावा. वहीतील आकडे हेच तुमचे उत्तर.

बाजारापर्यंत नेलेले विज्ञान

कमलाबाई पुढे त्याच विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. हे पद त्यांना योग्यता असूनही उशिरा मिळाले. पण त्यांचे काम प्रयोगशाळेच्या भिंतीत अडकून पडले नाही. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था स्थापन केली. त्यांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकातून त्यांनी ग्राहकांना सावध करणारे लेख लिहिले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मराठीत विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. केंब्रिजची पदवी घेतलेल्या विदुषीला हळद, तेल आणि दूध यांतील भेसळीबद्दल गृहिणींशी बोलणे कमीपणाचे वाटले नाही.

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. परिषदेच्या तेव्हाच्या महासंचालकही एक महिलाच होत्या, डॉ. जी. व्ही. सत्यवती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. ज्या मुलीला एकेकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी अडवले होते, तिच्या सन्मानासाठी देशाची संशोधन परिषद उभी राहिली होती.

आपल्यासाठी बोध

या चरित्रातून आम्हाला एकच गोष्ट सर्वांपुढे ठेवायची आहे. वरवर पाहून ठरवू नका, तपासून ठरवा. फेस पाहून रसाची परीक्षा होत नाही, तशी मुलगी आहे की मुलगा हे पाहून बुद्धीची परीक्षा होत नाही. नीरेला वाईट नाव होते, तपासल्यावर ती अन्न ठरली. कमलाबाईंना नकार होता, तपासल्यावर त्या देशाच्या भूषण ठरल्या.

आपले वडगाव विणकरांचे गाव. मागावर बसणाऱ्या घरात धाग्याचा नंबर, ताण्याची लांबी, रंगाचे माप हे सारे मोजूनच चालते. तीच सवय मुलांच्या शिक्षणाबाबत ठेवावी, ही पालकांना आमची नम्र विनंती. दहावीनंतर विज्ञान शाखा मुलीला झेपेल का, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. मुलाच्या बाबतीत तो क्वचितच विचारला जातो. मुलीला एक वर्ष तरी मनापासून संधी द्या, तिच्या वह्या पाहा, तिच्या शिक्षकांना भेटा आणि मगच निर्णय घ्या. खर्चाची अडचण असेल तर संकोच न करता आमच्याशी बोला.

विश्वस्त मंडळालाही आमची विनंती आहे की शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काही घनतामापके, तापमापके व एक चांगला तराजू घ्यावा आणि आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर तासभर प्रयोगशाळा उघडी ठेवण्यास परवानगी द्यावी. मुलींना सुरक्षित घरी पोहोचता येईल अशा वेळेची आखणी आम्ही करू.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सोमवारी आपापल्या वहीतील इडलीच्या पिठाचे आकडे घेऊन वर्गात या. कोणाचे पीठ जास्त फुगले हे आम्ही विचारणार नाही. कोणी नीट मोजले, एवढेच विचारू.